दगड व्हायला किती वर्षं? जीवाश्म-दालनाच्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024

वाचनालयाच्या वरच्या खोलीत जीवाश्मांचं छोटं कायमस्वरूपी दालन करायचं नक्की झालं. खिडक्या पश्चिमेच्या, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात काचपेट्यांची भट्टी होणार. ती काळजी सुतारकाकांची. माझ्याकडे मजकूर, नमुने आणि प्रयोगांचं टेबल. उद्घाटन विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला.

वाचनालयाच्या मंडळाने पहिल्या फलकाचा मसुदा आधीच करून ठेवलाय: "प्राणी मरतो, गाळाखाली गाडला जातो आणि कोट्यवधी वर्षांनी त्याचा दगड होतो." हे वाक्य आपण सगळेच शाळेपासून ऐकत आलोय आणि माझं भांडण याच वाक्याशी आहे. कोट्यवधी वर्षं हे जीवाश्माचं वय झालं. तो तयार व्हायला लागलेला वेळ वेगळा. दोन्ही एकत्र बांधले की डोळ्यांसमोर असं चित्र येतं की हाड जमिनीत निवांत पडलंय आणि दर लाख वर्षांनी कणभर दगड होतंय. इतकं निवांत पडून राहायची मुभा कुठल्याच हाडाला मिळत नाही.

म्हणून अख्ख्या दालनाला एकच प्रश्न ठेवायचा: किती वेळ लागतो? उदाहरणं जमतील तितकी विदर्भातली आणि शेजारची.

13 ऑक्टोबर

फलक 1: मेल्यानंतरची पहिली काही वर्षं. मला वाटतं खरी गोष्ट इथेच घडते.

केनियातल्या अंबोसेलीत अ‍ॅना के बेहरेन्समायर यांनी उघड्यावर पडलेल्या जनावरांच्या हाडांचा अभ्यास केला आणि 1978 मध्ये त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. शून्य म्हणजे ताजं, ओशट हाड. मग तंतूंच्या दिशेने बारीक चिरा, मग पापुद्रे, मग तुकडे, आणि पाचव्या पायरीवर हाताने उचललं तर भुगा. मोठ्या जनावराचं हाडसुद्धा साधारण 6 ते 15 वर्षांत या शेवटच्या अवस्थेला जाऊ शकतं. उंदीर, पक्षी यांना तर इतकाही वेळ मिळत नाही.

म्हणजे घड्याळ चालू आहे ते नष्ट होण्याचं. गाडलं जाणं हे त्याच्या आत व्हायला हवं. पूर, वाळूची दरड, तळ्याचा चिखल, ज्वालामुखीची राख, काहीही चालेल, पण लवकर.

आपल्या जवळचं उदाहरण सिरोंच्याच्या समोर, प्राणहितेच्या पलीकडे, तेलंगणातल्या पोचमपल्लीचं. बारापासॉरस टागोराय. 1960 च्या सुमारास सापडलेला, 1975 मध्ये नाव मिळालेला, ज्युरासिक काळातला लांब मानेचा डायनोसॉर. निदान सहा प्राण्यांची मिळून 300 च्या आसपास हाडं, आणि त्यांच्यात गुंतलेले मोठमोठे झाडांचे ओंडके. पुरात कळप वाहून आला असावा असा अंदाज त्यावरूनच बांधला जातो. आणि इतक्या हाडांत कवटी एकही नाही, फक्त काही दात! लांब मानेच्या डायनोसॉरची कवटी नाजूक, मानेला सैल जोडलेली. ती आधी सुटते, वाहून जाते, फुटते. आपल्याच वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस पाहा, तोही लांब मानेचा डायनोसॉर: मणके, बरगड्या, खांदा, पुढचा पाय, सगळं बऱ्यापैकी मिळालं, कवटी तिथेही नाही.

फलकावर ही न सापडलेली कवटी रेखाटून, आत रंग न भरता ठेवायची असं चित्रकार ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रिकामं दिसेल हो सर." दिसू दे.

20 ऑक्टोबर

प्रयोगाचं टेबल सुरू. बी.एस्सी.चे पोट्टे मदतीला आहेत, उत्साह भरपूर आणि नोंदवही कोरी. वहीत तारीख आणि वजन लिहिल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, एवढं बजावलं.

मांडलेलं:
कोंबडीची तंगडीची हाडं उकडून, साफ करून, वाळवून. काही व्हिनेगरमध्ये. काही काळ्या मातीच्या कुंडीत, काही कोकणातून आणवलेल्या लाल जांभ्याच्या मातीत, काही नदीच्या वाळूत. तिन्ही कुंड्यांना रोज पाणी. काही हाडं गच्चीवर उघडीच, वर जाळी, नाहीतर मांजर प्रयोग संपवेल.
पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचे छोटे ठोकळे सोडियम सिलिकेटच्या द्रावणात. हे इतवारीतल्या केमिकलच्या दुकानात मिळतं, साबणवाले नेतात. हातमोजे घालायचे, द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं.

स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा आणि "बघा जीवाश्म" म्हणायचं, हा शाळांमधला लाडका प्रयोग मी मुद्दाम टाळला. त्यातून पाण्याचं बाष्पीभवन तेवढं शिकायला मिळतं.

10 नोव्हेंबर

व्हिनेगरमधलं हाड रबरासारखं वाकतंय. खनिज विरघळून गेलं, उरलं ते कोलॅजन, म्हणजे हाडातलं लवचीक प्रथिन. शेजारी चुलीत पांढरं होईपर्यंत जाळलेलं हाड ठेवलं: ते उलट, कोलॅजन गेलं, खनिज राहिलं, बोटाने दाबलं की मोडतं. ताज्या हाडात वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज असतं, हे या दोन हाडांकडे बघून पोरांना वेगळं सांगावं लागलं नाही.

जांभ्याच्या कुंडीत इतक्या लवकर काही दिसायची अपेक्षा नाही. पण ती ठेवण्यामागे कारण आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी, पाऊस जबर. कोकण-गोव्यात जुनी हाडं टिकणं अवघड, ते त्यामुळे. काळ्या मातीत उलट चुना आहे, चुनखडीचे खडे तर नांगराला लागतात. मात्र ती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते, त्यात हाडाचे तुकडे होतात. प्रत्येक मातीचा आपला एक दोष.

24 नोव्हेंबर

पिसदुऱ्याला जाऊन आलो. वरोऱ्यापासून जवळ, कपाशीची शेतं, वेचणीचे दिवस. लामेटा नावाच्या जुन्या गाळथराची लालसर माती आणि त्यात अश्मीभूत विष्ठा. हो, डायनोसॉरच्या काळातलं शेण. बायका कापूस वेचता वेचता आमच्याकडे बघून हसत होत्या, आणि आम्ही कशासाठी वाकून चाललोय हे कळल्यावर आणखीच.

काही उचललं नाही, फोटो आणि मापं घेतली. दालनासाठी नमुना एका कॉलेजच्या संग्रहातून उसना मिळतोय.

पिसदुऱ्याच्या याच विष्ठेत 2005 मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच धरलं जायचं. वरोऱ्याच्या शेतातल्या शेणाने पाठ्यपुस्तकं बदलायला लावली याचा आम्हाला जितका अभिमान हवा तितका नाही.

पण माझं काम वेळेशी. शेण किती टिकतं? पावसाळ्यात गाईचं शेण आठवड्यात मातीत मिसळतं, शेणकिडे असतील तर त्याहून आधी. म्हणजे ज्या शेणाचा आकार आज हातात येतो, त्याला आकार राखण्याइतकं कडकपण फार लवकर आलं असणार. आत फॉस्फेट असतं, जिवाणू ते मोकळं करतात आणि तेच पुन्हा खनिज होऊन आकार धरून ठेवतं. कुजवणारे आणि राखणारे जिवाणू एकच, हे मला भूशास्त्र शिकवायला लागून कित्येक वर्षं झाली तरी अजून गंमतीचं वाटतं.

हे नुसतं तर्काने नाही. संशोधक डेरेक ब्रिग्ज आणि अमांडा किअर यांनी 1993 मध्ये प्रयोगशाळेत कोळंबी बंद भांड्यात कुजू दिली, आणि काही आठवड्यांतच तिच्या स्नायूंवर कॅल्शियम फॉस्फेट चढलं. ब्राझीलच्या सांताना थरातल्या माशांच्या कल्ल्यांची बारीक रचना इतकी शाबूत आहे की डेव्हिड मार्टिल यांनी ते खनिजीभवन मेल्यानंतर काही तासांतच सुरू झालं असावं असं मांडलं. तास! पहिल्या फलकावरच्या 'कोट्यवधी'च्या शेजारी हा शब्द लावायचाच.

8 डिसेंबर

लाकडाचा फलक. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाणारच होता.

लोक लाकडाचा दगड बघून म्हणतात, "लाकडाच्या जागी दगड आला." कसा आला हे कोणी विचारत नाही. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळू-गारगोटीतलाच पदार्थ, लाकडात शिरते. पेशींच्या भिंतींतल्या सेल्युलोज आणि लिग्निनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, सिलिका त्यांना धरून बसते. भिंतीवर एक थर, त्यावर दुसरा. आधी हा ओपल असतो, पाणी धरून ठेवणारी सिलिका. मग पेशींच्या पोकळ्या भरतात. मूळ लाकूड हळूहळू कुजत जातं आणि सिलिकेचा साचा मागे राहतो. ओपलचं पुढे क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, होतं, आणि त्या पायरीला मात्र खरंच लाखो वर्षं लागू शकतात.

यात दोन वेगळे वेळ आहेत. आकार पकडण्याचा आणि पिकण्याचा. पहिला थोडा, दुसरा लांबलचक.

पहिल्याचा पुरावा जपानमधून. तोयामा प्रांतात ताते-यामाच्या परिसरात गरम पाण्याचा झरा आहे, पाण्यात सिलिका भरपूर. तिथे संशोधकांनी लाकडाचे तुकडे सोडून ठेवले आणि 7 वर्षांनी तपासले, तर वजनाच्या जवळपास 40 टक्के सिलिका आत गेलेली होती. 2004 मध्ये हे प्रसिद्ध झालं. 7 वर्षं म्हणजे पहिलीतलं पोर आठवीत जाईपर्यंत.

सगळीकडे इतक्या झपाट्याने होत नाही. पाणी किती गरम, त्यात सिलिका किती, लाकूड किती सच्छिद्र, हवा लागते की नाही, यावर सगळं आहे. थंड, सिलिका कमी असलेल्या भूजलात हेच काम हजारो वर्षं रेंगाळेल, आणि तेवढ्यात लाकूड कुजून गेलं तर काहीच उरणार नाही.

आता आपल्याकडचं. छिंदवाड्याजवळ मोहगाव कलां. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनचं पठार बनवणाऱ्या लाव्हाचे दोन लोट येण्याच्या मधल्या काळात तिथे पाणथळ जागा तयार झाल्या, झाडं वाढली, आणि ती सिलिकेत बंद झाली. वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी या भागातल्या वनस्पतींवर काम केलं. गारगोटीसारख्या दगडाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशी मोजता येतात. आणि त्या पेशी चपट्या झालेल्या नाहीत. डोक्यावर लाव्हाचं ओझं येऊनही फळातल्या पेशी गोल राहिल्या, याचा अर्थ ओझं येण्याआधीच आत सिलिका भरून त्या टणक झाल्या होत्या. डेक्कन ट्रॅपचा बहुतांश लाव्हा 10 लाख वर्षांपेक्षा कमी काळात वाहिला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी. दोन लोटांमधली उसंत त्याचा छोटासा तुकडा. गोल पेशी हेच इथलं घड्याळ.

फलकावर पेशींचा फोटो मोठा आणि मजकूर चारच ओळी. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानाचा पत्ता खाली द्यायचा. नागपूरहून लांब पडतं, पण अश्मीभूत खोड हाताने चाचपण्यात जे आहे ते काचेमागच्या नमुन्यात नाही.

22 डिसेंबर

पांगाऱ्याचे ठोकळे काढले. काही नुसते वाळवले, काही व्हिनेगरमध्ये बुडवून सिलिकेचा चिकट लगदा आतल्या आत बसू दिला आणि मग पाणी बदलत धुतले. तळहातावर घेतल्याबरोबर जड लागतात.

मग जाळण्याची परीक्षा. नुसता वाळवलेला ठोकळा पेटायलाच तयार नव्हता. विस्तवावर धरला तर फुगून पांढरा फेस आला, कारण आतलं सोडियम सिलिकेट तापलं की असंच फुलतं. आगरोधक लेपात ते वापरतात ते याचसाठी. व्हिनेगरने धुतलेला ठोकळा मात्र नीट जळला आणि मागे पांढरा, ठिसूळ सांगाडा राहिला. भिंगाखाली लाकडाच्या नळ्या दिसतात. फुंकर मारली तर गेलाच म्हणून समजा.

हा जीवाश्म आहे असं फलकावर लिहायचं नाही, पोरांनी कितीही आग्रह केला तरी. साचा कसा तयार होतो तेवढं यातून दिसतं.

5 जानेवारी 2025

हाड. लाकडापेक्षा अवघड, कारण हाड जिवंतपणीच अर्ध्याहून जास्त खनिज असतं. मग त्याचा 'दगड झाला' म्हणजे नक्की काय झालं?

जिवंत हाडातले खनिजाचे स्फटिक इतके बारीक की त्यांचा पृष्ठभाग अफाट. कोलॅजन कुजून गेलं की ते उघडे पडतात आणि भूजलातलं मिळेल ते ओढून घेतात: फ्लोरिन, युरेनियम, दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं. काही जीवाश्म हाडं गायगर काउंटरला टकटक करायला लावतात ती त्या युरेनियममुळे. मग स्फटिक मोठे होतात, जास्त टिकाऊ रूप घेतात, आणि पोकळ्यांत कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाची संयुगं भरतात. हे मुख्य काम काही हजार ते काही दहा हजार वर्षांत उरकतं असं साधारणपणे मानलं जातं. बारीकसारीक देवघेव पुढे कोट्यवधी वर्षं चालू राहू शकते.

फ्लोरिनचं इथे कोणाला समजवायची गरज नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे कित्येक बोअरवेलचं पाणी पिऊन माणसांच्या दातांवर डाग पडतात, हाडं ताठरतात. जिवंत हाडात जे होतं त्याच रासायनिक वळणाने गाडलेल्या हाडातही फ्लोरिन शिरतं. इंग्लंडात पिल्टडाउनच्या 'आदिमानवा'चं बिंग फुटायला हाच धागा कामी आला. केनेथ ओकली यांनी हाडांतलं फ्लोरिन मोजलं, ते फारच कमी निघालं, म्हणजे हाडं सांगितली तितकी जुनी नव्हती, आणि 1953 मध्ये सगळी बनवाबनवी जाहीर झाली.

आता उलटी बाजू, जी मला सगळ्यात प्रिय आहे. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबराच्या खड्ड्यांतली हाडं हजारो वर्षांची, काही तर 40,000 वर्षांच्या पुढची. तरी ती दगड झालेली नाहीत, डांबराने पाणी आत येऊ दिलं नाही. कोलॅजन अजून आहे. जीवाश्म तर ती आहेतच. दुसरीकडे मोंटानातल्या 6.8 कोटी वर्षं जुन्या टायरॅनोसॉरसच्या हाडातून मेरी श्वाइट्झर यांनी 2005 मध्ये लवचीक, रक्तवाहिन्यांसारख्या रचना काढून दाखवल्या. त्या नक्की कशाच्या यावर वाद झडले. पण जुनं म्हणजे पुरतं दगड, हे समीकरण तेव्हापासून लंगडं झालं.

7 वर्षांचं लाकूड 40 टक्के सिलिका. 40,000 वर्षांचं हाड जसंच्या तसं. या दोन ओळी एकाखाली एक छापायच्या, बाकी काही नको.

19 जानेवारी

मंडळाची बैठक. "सर, एक आकडा द्या ना. लोकांना आकडा लागतो." कोणीतरी मोबाइलवरून वाचून दाखवलं: 10,000 वर्षं. हा आकडा कुठून येतो ते मला माहीत आहे. साधारण 10,000 वर्षांपेक्षा जुने अवशेष ते जीवाश्म, असा अभ्यासकांनी सोयीसाठी पाळलेला संकेत आहे. अवशेषाला कोणत्या कपाटात ठेवायचं ते त्यावरून ठरतं. आत काय घडलं, किती वेगाने घडलं, याच्याशी त्याचा संबंध नाही. 9,999 व्या वर्षी हाडात काही होत नसतं.

बरीच ओढाताण झाली. शेवटी एका आकड्याऐवजी लांब पट्टी करायचं ठरलं, भिंतभर: तास, आठवडे, वर्षं, हजारो वर्षं, लाखो वर्षं. प्रत्येक टप्प्यावर एक वस्तू. माशाचा कल्ला, कोळंबी आणि शेण, लाकूड, हाड, ओपलचं झालेलं क्वार्ट्झ. सुतारकाकांनी पट्टी सागवानी करतो म्हटलं, खर्च ऐकून प्लायवर आलो.

2 फेब्रुवारी

टाकळीच्या शंख-शिंपल्यांचा फलक पुरा. हे आता नागपूर शहरातच आहे, लोक तिथे राहतात आणि पायाखाली काय होतं ते माहीत नाही. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथले गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पती गोळा करून लंडनच्या अभ्यासकांपर्यंत पोचवल्या. हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या नदीत बुडून गेले. हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांच्या तोंडी, त्यांचं भूशास्त्र क्वचित कोणाला ठाऊक.

कुंड्या उकरल्या. जांभ्यातल्या हाडाची चकाकी गेली आहे, पृष्ठभाग किंचित खरखरीत. वाळूतलं जसंच्या तसं. काळ्या मातीतल्या एकाला चीर, पण ती आधीची असू शकते, म्हणून धरत नाही. गच्चीवरची पांढरी पडली. हाडं परत पुरून कुंड्या दालनातच ठेवायच्या. दरवर्षी विज्ञान दिनाला उकरायच्या आणि वहीत लिहायचं.

16 फेब्रुवारी

रंगीत तालीम. आठवी-नववीच्या मुलांना आधी फिरवून आणलं. एका मुलीने विचारलं, "मग आत्ता मेलेली म्हैस जीवाश्म होईल का?" चांगला प्रश्न, फलकांवर याचं उत्तर नव्हतं.

तिला सांगितलं ते इथे लिहितो, कारण शेवटच्या फलकावर तेच जाणार. लवकर गाडली गेली आणि पाणी योग्य मिळालं तरी एक अट उरते. ज्या जमिनीत गाडली ती जमीन पुढे खचत, वरून गाळ घेत राहायला हवी. दख्खनचं पठार आज झिजतंय. नद्या इथला गाळ उचलून नेतात, तेव्हा आपल्या नाल्यात पुरलेली म्हैस काही हजार वर्षांत दगड व्हायला लागली तरी पुढच्या लाखभर वर्षांत नाला तिला बाहेर काढून फोडून टाकणार. तीच म्हैस वर्धा नदीच्या पुरात वाहत प्राणहितेतून गोदावरीला लागली आणि समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात चिखलाखाली गेली, तर तिला संधी आहे. तिथे गाळ साचतोय आणि जमीन दबतेय. नंतर कधीतरी तो थर वर उचलला जायला हवा, पाऊस-वाऱ्याने उघडा पडायला हवा, आणि नेमक्या त्या वेळी कोणीतरी तिथून जायला हवं. वर येणं आणि उघडं पडणं, ही दोन कामं मात्र खरंच कोट्यवधी वर्षांची असू शकतात.

"म्हणजे दगड व्हायला नाही, सापडायला वेळ लागतो," ती म्हणाली. चित्रकार ताईंना फलक 6 साठी हेच वाक्य दिलं, अक्षर मोठं. मंडळाचा जुना मसुदा रद्द. छपाईवाल्याला बुधवारपर्यंत फाइल द्यायची, आणि कुंड्यांखाली ताटल्या आणायच्या, खालच्या वाचकांच्या टेबलावर पाणी ठिबकतंय.